दीर्घिकांमधलं चुंबकीय क्षेत्र वैश्विक किरणांना किती वळवतं? हातचं गणित, संगणकावरचं गणित आणि नेहमीचे खड्डे

सड्यावरचा (रत्नागिरी), रात्री ९:१०

२७ मे २०२१ ला उटाहमधल्या टेलिस्कोप ॲरे या वेधशाळेने 'अमातेरासू' नावाचा वैश्विक किरणांचा कण पकडला. ऊर्जा सुमारे २४४ ईईव्ही (१ ईईव्ही म्हणजे १०^१८ इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणजे एकाच कणात ३९ ज्यूल. तो आला ती दिशा अशी: विषुवांश २५५.९ अंश, क्रांती उत्तर १६.१ अंश. मालवणचा अक्षांश १६.०६. म्हणजे आकाशातला तो ठिपका रोज एकदा मालवणच्या अगदी डोक्यावरून जातो. मेच्या मध्यावर रात्री दोनच्या सुमारास. शौरी तारकासमूहात आहे.

पंचाईत अशी की त्या बाजूला आपल्या शेजारात काही नाहीच. 'स्थानिक पोकळी' म्हणतात ती तिकडे आहे. बरं, एवढ्या ऊर्जेचा कण फार लांबून येऊ शकत नाही. वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाच्या (महास्फोटानंतर उरलेल्या, सगळीकडे भरलेल्या प्रकाशाच्या) फोटॉनांवर आपटत आपटत ऊर्जा घालवतो (ग्रायसेन, झात्सेपिन आणि कुझमिन यांचं १९६६ चं गणित). उगम जवळ हवा, आणि जवळ तर कोणी दिसत नाही. यावर बहुतेक लेख एका वाक्यात सुटका करून घेतात: "चुंबकीय क्षेत्राने वळला असावा." किती वळला? कुठल्या क्षेत्राने? आपल्या आकाशगंगेच्या की दीर्घिकांमधल्या? हाताने करता येईल असं गणित इथे मांडावं, आणि जमलं तर संगणकावरही चालवून बघावं म्हणून हा धागा.

खाडीपल्याड (देवगड), रात्री ९:४८

सुरुवात वळणाच्या त्रिज्येपासून करा. सूत्र एकच आहे, पाठच करून टाका:

त्रिज्या (मेगापार्सेक) ≈ १.१ × ऊर्जा (ईईव्ही) ÷ [भार × क्षेत्र (नॅनोगॉस)]

१ मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं, किलोपार्सेक त्याचा हजारावा भाग. भार म्हणजे प्रोटॉनला १, हेलियमला २, नायट्रोजनला ७, लोहाला २६. १०० ईईव्हीचा प्रोटॉन १ नॅनोगॉसच्या क्षेत्रात ११० मेगापार्सेक त्रिज्येचं वळण घेतो, म्हणजे जवळजवळ सरळच जातो. त्याच ऊर्जेच्या लोहकेंद्रकाची त्रिज्या ४.२ मेगापार्सेक, म्हणजे आपल्यापासून नरतुरंगातल्या सेंटॉरस ए दीर्घिकेपर्यंत जेवढं अंतर आहे साधारण तेवढीच.

म्हणून क्षेत्राला ऊर्जा दिसत नाही, ऊर्जा भागिले भार दिसतं. यालाच रिजिडिटी म्हणतात. १०० ईईव्हीचं लोह आणि ३.८ ईईव्हीचा प्रोटॉन, दोघे एकाच वाटेने जातील. "कण कुठून आला" हे विचारण्याआधी "भार किती" हे विचारावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्यावर पुढे बोलू.

गजाल (मालवण), रात्री १०:०५

बाबानू, नॅनोगॉस म्हणजे केवढा ता आधी सांगा. आमच्या होकायंत्राक ता कळात काय?

नारळीपोफळी (अलिबाग), रात्री १०:३१

गजालभाऊ, नाही कळणार. पृथ्वीचं क्षेत्र आपल्या किनाऱ्यावर साधारण ०.४ गॉस आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणावी लागली, आणि तिथे आजही हेच मोजतात. त्याच्या मानाने १ नॅनोगॉस म्हणजे ४० कोटी पट दुबळं. (कोकणात घरी मोजमाप करून बघणाऱ्यांना एक सूचना: जांभ्याच्या चिऱ्यात लोखंड असतं. भिंतीला टेकून मोजलेला आकडा पृथ्वीचा धरू नका.)

मग एवढ्या दुबळ्या क्षेत्राने काय होणार? वळण नुसत्या गॉसवर ठरत नाही, गॉस गुणिले अंतर यावर ठरतं. गुणाकार करून बघा, अंतर सेंटिमीटरमध्ये:

पृथ्वी: ०.४ गॉस × ६.४ × १०^८ = २.६ × १०^८
आकाशगंगा: ३ मायक्रोगॉस × ३ किलोपार्सेक = २.८ × १०^१६
दीर्घिकांमधली जागा: १ नॅनोगॉस × १० मेगापार्सेक = ३.१ × १०^१६

पहिल्यात आणि तिसऱ्यात बारा कोटी पटींचा फरक आहे, आणि तोही दुबळ्याच्या बाजूने. दुसरं आणि तिसरं मात्र जवळजवळ सारखं. फक्त तिसऱ्याला एक कात्री लागते, कारण एवढ्या अंतरात क्षेत्राची दिशा एकच राहत नाही. ते खाडीपल्याड यांनीच सांगावं.

खाडीपल्याड (देवगड), रात्री ११:२०

सांगतो. क्षेत्र ज्या लांबीपर्यंत एका दिशेत टिकतं तिला आपण सलग-लांबी म्हणू. प्रत्येक तुकड्यात कणाला वेगळ्याच बाजूला थोडा धक्का बसतो. धक्के एकमेकांत मिसळतात, थोडे कापले जातात, म्हणून एकूण वळण अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं:

वळण (अंश) ≈ ०.८ × भार × (१०० ÷ ऊर्जा) × √(अंतर ÷ १०) × √(सलग-लांबी) × क्षेत्र

ऊर्जा ईईव्हीत, अंतर आणि सलग-लांबी मेगापार्सेकमध्ये, क्षेत्र नॅनोगॉसमध्ये. हे वळण म्हणजे उगमाची खरी दिशा आणि कण आलेली दिशा यांतला कोन. निघतानाची दिशा आणि पोचतानाची दिशा यांतला कोन नव्हे. तो सुमारे १.७ पट जास्त भरतो. हे दोन कोन सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

उदाहरण घेऊ. सेंटॉरस ए, ३.८ मेगापार्सेक, कण ६० ईईव्हीचा, क्षेत्र १ नॅनोगॉस, सलग-लांबी १ मेगापार्सेक. प्रोटॉन ०.८ अंश वळतो, नायट्रोजन पावणेसहा, लोह २१. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंशाचा असतो. म्हणजे प्रोटॉन दीडेक चंद्राने सरकतो. लोह पार दुसऱ्या नक्षत्रात जाऊन बसतं.

आणि आडवाटेने यायचं म्हणजे वेळही जास्त लागणार. उशीर ≈ १,५०० वर्षं × भार² × (१०० ÷ ऊर्जा)² × (अंतर ÷ १०)² × सलग-लांबी × क्षेत्र². वरच्या उदाहरणात प्रोटॉन प्रकाशाच्या मागून ६०० वर्षांनी पोचतो, नायट्रोजन सुमारे २९,००० वर्षांनी, लोह ४ लाख वर्षांनी.

सड्यावरचा (रत्नागिरी), रात्री ११:४५

सूत्र लगेच चालवून बघितलं. १०० मेगापार्सेक अंतर, ६० ईईव्ही, बाकी तेच. प्रोटॉन ४.२ अंश. लोह ११० अंश. म्हणजे लोह उलट्या बाजूने येतं असं समजायचं?

खाडीपल्याड (देवगड), रात्री ११:५८

नाही. ११० आला तिथेच सूत्र संपलं. हे लहान कोनांसाठी आहे. वीस-पंचवीस अंशांच्या वर उत्तर आलं की ते खोडून टाका. तिथून पुढे कण 'वळत' नाही, 'भरकटतो'. त्याची आलेली दिशा उगमाबद्दल जवळपास काही सांगत नाही. समुद्रात पडलेला नारळ कुठल्या वाडीतला ते तो कुठल्या पुळणीवर लागला यावरून ठरवण्यासारखं.

दुसरं टोकही बघा. सेंटॉरस एपर्यंत १ मेगापार्सेकचे तुकडे पडतात जेमतेम चार. चार धक्क्यांची सरासरी काढून काय कळणार? अशा जवळच्या उगमाचे सगळे कण त्याच चार तुकड्यांतून येतात, सगळ्यांना तोच धक्का बसतो. डाग पसरण्याऐवजी अख्खा एका बाजूला सरकतो. वर दिलेला ०.८ अंश हा "साधारण एवढा" अशा अर्थाचा आहे. प्रत्यक्षात तो शून्यही असेल किंवा दुप्पटही.

वेंगुर्लेकरीण (वेंगुर्ले), सकाळी ७:१५

गणित छान चाललंय, पण तो १ नॅनोगॉस कुठून आला हे कोणी विचारलेलं नाही. तो आकडा वरच्या बाजूचा आहे. पार्श्वभूमी प्रारण आणि फॅरडे परिभ्रमण (चुंबकीय क्षेत्रातून जाताना रेडिओ लहरींच्या कंपनाची दिशा फिरणं) यांच्या मोजमापांवरून सांगता येतं की विश्वभर पसरलेलं क्षेत्र काही नॅनोगॉसच्या वर नसावं. एवढंच. खालची मर्यादा अगदी वेगळ्या वाटेने येते. ब्लेझारमधून (आपल्या दिशेने झोत सोडणाऱ्या दीर्घिकाकेंद्रातून) निघालेले टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण वाटेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार करतात. त्या जोड्या पार्श्वभूमी फोटॉनांना ढकलून कमी ऊर्जेचे गॅमा किरण बनवतात, आणि ते फर्मी उपग्रहाला दिसायला हवेत. तेवढे दिसत नाहीत. जोड्या चुंबकीय क्षेत्राने बाजूला वळल्या असाव्यात असं धरून नेरोनोव्ह आणि व्होव्क यांनी २०१० मध्ये किमान ३ × १०^−१६ गॉस असा आकडा काढला. (जोड्यांची ऊर्जा वाटेतल्या प्लाझ्मातच मुरत असेल तर ही मर्यादा ढिली पडते, हा आक्षेप अजून जिवंत आहे.)

म्हणजे पोकळ्यांमधलं क्षेत्र १०^−१६ आणि १०^−९ गॉस यांच्या मध्ये कुठेही असू शकतं. सात शून्यांचा फरक! खालचा आकडा खरा असेल तर तिथे लोहसुद्धा सुतासारखं सरळ जाईल.

दीर्घिकांमधली जागा म्हणजे काही एकसारखं मैदान नाही. पोकळ्या आहेत, त्यांच्या कडेने तंतू आहेत, तंतू जिथे मिळतात तिथे दीर्घिकासमूह. समूहांत मायक्रोगॉस. तंतूंत काही दहा नॅनोगॉस. एबेल ३९९ आणि एबेल ४०१ या समूहांच्या मधला रेडिओ लहरींतला पूल लोफार दुर्बिणीने २०१९ मध्ये दाखवला, तेव्हापासून तिथे क्षेत्र आहे की नाही हा वाद उरला नाही. ३० नॅनोगॉसचा, २ मेगापार्सेक जाडीचा तंतू, सलग-लांबी अर्धा मेगापार्सेक, असं धरा. १०० ईईव्हीचा प्रोटॉन एवढ्यातच साडेसात अंश वळतो. पोकळीत शंभर मेगापार्सेक तुडवून जे होत नाही ते एका तंतूत होतं. मग प्रश्न असा होतो: वाटेत तंतू किती आडवे आले? आणि उगमच तंतूत किंवा समूहात असेल तर? १ मायक्रोगॉसच्या समूहात १०० ईईव्हीच्या लोहाची त्रिज्या ४ किलोपार्सेक. ते बाहेर पडेपर्यंत फुटून जाण्याचीच शक्यता जास्त.

गजाल (मालवण), सकाळी ८:४०

ताईनू, म्हणजे ह्या राजापूरच्या गंगेसारखा झाला. पाणी आज इला, पाऊस कधीचो कोणाक म्हायत!

चिरेबंदी (राजापूर), सकाळी ९:०२

आमच्या गंगेला मध्ये ओढलंच! उशिरापुरती उपमा चालेल. गॅमा-किरण स्फोट किंवा कृष्णविवराने तारा गिळण्याचा प्रकार काही सेकंदांचा नाहीतर काही महिन्यांचा असतो. त्यातून निघालेले कण हजारो वर्षं पसरून पोचतात. आज एखादा भडका दिसला आणि त्याच दिशेने आज कण आला म्हणून जोडी जुळवणं चूक आहे; कणाचा भडका आपल्याकडे दुर्बिणी नव्हत्या तेव्हाच दिसून गेलेला असणार.

उपमा बसत नाही ती इथे: गंगेचं पाणी येतं तेव्हा सगळ्या कुंडांत येतं. इथे रिजिडिटीप्रमाणे वर्गवारी होते. एका स्फोटातले जास्त रिजिडिटीचे कण आधी, कमीचे खूप मागून. त्यामुळे कुठल्याही एका काळात अशा उगमाकडून एका ठरावीक पट्ट्यातलेच कण येताना दिसतात.

आता संगणकाकडे. वैश्विक किरणांचा प्रवास चालवून बघायला सीआरप्रोपा नावाचा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. आत सी प्लस प्लस, वरून पायथनने चालवायचा. साध्या १६ जीबी रॅमच्या संगणकावर सेंटॉरस एचं उदाहरण चालतं. क्रम असा.

आधी क्षेत्राची जाळी: २५६ × २५६ × २५६ ठिपके, दोन ठिपक्यांत ०.१ मेगापार्सेक. प्रत्येक ठिपक्यावर तीन संख्या, प्रत्येकी ४ बाइट, एकूण सुमारे २०० एमबी. हौसेने ५१२ केलंत तर १.६ जीबी, १०२४ केलंत तर जवळजवळ १३ जीबी, आणि मशीन आडवं. खळबळीची सर्वांत लहान लांबी ठिपक्यांतल्या अंतराच्या दुप्पट तरी हवी, म्हणून ०.२. सर्वांत मोठी ५ ठेवा. कोल्मोगोरोव्ह वर्णपटात (खळबळीची ताकद लहान-मोठ्या लांबींत कशी वाटली जाते त्याचा नेहमीचा नियम) सलग-लांबी मोठ्या लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्याची असते, म्हणजे १. पण हा हिशेब लहान लांबी नगण्य असेल तेव्हाचा, ०.२ आणि ५ घातले की नेमकं उत्तर १.१३ येतं. तुलना करताना सूत्रातही १.१३ च घाला, नाहीतर उगाच चूक शोधत बसाल.

मग पाऊल, म्हणजे प्रोग्राम कणाला एका वेळी किती पुढे सरकवतो ते. कमीत कमी पाऊल १ किलोपार्सेक ठेवा. १ ईईव्हीच्या लोहाची त्रिज्या १ नॅनोगॉसमध्ये ४२ किलोपार्सेक असते; पाऊल त्याहून मोठं असेल तर प्रोग्राम अचूकतेची अट बाजूला ठेवून तेवढंच पाऊल टाकतो, आणि कण वळायच्या ऐवजी उड्या मारत सुटतो. चूक दाखवणारा संदेश येत नाही. हीच वाईट गोष्ट.

निरीक्षक कुठे ठेवायचा यात सगळे फसतात. पृथ्वीभोवती १ मेगापार्सेक त्रिज्येचा गोल धरला आणि उगम १०० मेगापार्सेकवर असला, तर ४०,००० कणांतला एक लागतो. लाख कण सोडून हाती दोन-तीन. गोल मोठा केला तर कोन पुसट होतात. त्यापेक्षा उलट करा: उगम मध्यावर, आणि त्याच्याभोवती ३.८ मेगापार्सेक त्रिज्येचा गोल हाच निरीक्षक. एकही कण वाया जात नाही. कण गोलाला जिथे छेदतो तिथली त्रिज्येची दिशा आणि कणाची दिशा यांतला कोन घ्यायचा. खाडीपल्याड यांनी सांगितलेला कोन तो हाच.

उशीर काढायचा असेल तर निकाल मजकुराच्या फाइलमध्ये घेऊ नका. तिथे वाटेची लांबी मोजक्याच अंकांत उतरते. ३.८ मेगापार्सेक म्हणजे सव्वा कोटी प्रकाशवर्षं; त्यातून सरळ अंतर वजा करून ६०० शोधायचे असतात. अंक छाटण्यातच बरंच काही जातं. एचडीएफ-५ (आकडे पूर्ण अचूकतेने साठवणारा फाइलचा प्रकार) मध्ये घ्या.

आणि एका क्षेत्रावर थांबू नका. यादृच्छिक बीज बदलून निदान वीस वेगवेगळी क्षेत्रं चालवा. चार तुकड्यांची गोष्ट वर आली आहेच.

पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, तेव्हा दर १०,००० कणांना नवी फाइल उघडा. एचडीएफ-५ ची फाइल लिहिता लिहिता वीज गेली तर ती अख्खी वाचता येईनाशी होऊ शकते.

सड्यावरचा (रत्नागिरी), रात्री ८:२५

चालवला. ६० ईईव्हीचे प्रोटॉन, १ नॅनोगॉस, सांगितली तशीच जाळी, ऊर्जा घटण्याचे भाग अजून जोडलेले नाहीत. वीस क्षेत्रांची सरासरी ०.१४ अंश. सूत्राने १.१३ घालून ०.८७ यायला हवा. सहापट कमी! पाऊल बदलून पाहिलं, जाळी बदलून पाहिली. आकडा हलत नाही.

चिरेबंदी (राजापूर), रात्री ८:४४

'सहापट' हीच खूण आहे. ऊर्जेच्या ठिकाणी नुसतं ६० लिहिलंय का? तिथे '६० गुणिले ईईव्ही' लिहावं लागतं. प्रोग्राम आत सगळं एसआय एककांत धरतो. नुसते ६० म्हणजे ६० ज्यूल, आणि ६० ज्यूल म्हणजे ३७५ ईईव्ही. ३७५ भागिले ६० बरोबर सव्वासहा.

अंतराला मेगापार्सेक लावायला विसरलात तर ३.८ मीटर होतात आणि चूक लगेच दिसते. क्षेत्राला १०^−९ लिहून नॅनोगॉस लावलं नाही तर ते टेस्ला धरलं जातं, म्हणजे १०,००० नॅनोगॉस. कण अडकून बसतात आणि प्रोग्राम संपतच नाही. तेही कळतं. ऊर्जेची चूक तेवढी बेमालूम, कारण ६० ज्यूल ही नेमकी या कणांच्याच पट्टीतली ऊर्जा आहे.

सड्यावरचा (रत्नागिरी), रात्री ९:३०

हेच होतं. आता ०.९ च्या आसपास येतंय, क्षेत्राप्रमाणे ०.४ पासून १.५ पर्यंत. जवळजवळ चौपट पसारा. चार तुकड्यांचा मुद्दा आता डोळ्यांना दिसला.

लोहासाठी ऊर्जा घटण्याचे भाग जोडायचे तर वाटेत केंद्रक फुटणार, भार बदलणार. मग वळणाचं गणित दर वेळी नव्याने?

खाडीपल्याड (देवगड), रात्री १०:१०

वाटतं तेवढं बिघडत नाही. पार्श्वभूमी फोटॉनाने केंद्रकातून एखाद-दोन न्यूक्लिऑन उडवले तर ऊर्जा त्याच प्रमाणात कमी होते, कारण प्रत्येक न्यूक्लिऑनमागची ऊर्जा तशीच राहते. भारही साधारण त्याच प्रमाणात घटतो. म्हणून उरलेल्या केंद्रकाची रिजिडिटी जवळपास तीच, आणि ते आधीच्याच वाटेने पुढे जातं. उडालेल्या प्रोटॉनाचं वेगळं: त्याच्या वाट्याला ५६ वा हिस्सा ऊर्जा आणि भार १, तर मूळ लोहाचा भार २६. रिजिडिटी निम्म्याहून थोडी कमी. तो दुपटीने वळतो. संगणकात हे दुय्यम कण आपोआप येतात, पण किमान ऊर्जेची मर्यादा घालायला विसरू नका, नाहीतर १ ईईव्हीच्या खालचे प्रोटॉन घिरट्या घालत रात्रभर मशीन अडवून ठेवतील.

या घिरट्यांचाही एक परिणाम आहे. रिजिडिटी पुरेशी कमी असली की लांबच्या उगमापासून निघालेला कण विश्वाच्या वयात आपल्यापर्यंत पोचतच नाही. याला चुंबकीय क्षितिज म्हणतात. त्यामुळे पृथ्वीवर मोजलेल्या वर्णपटाचं (कुठल्या ऊर्जेचे किती कण येतात त्याच्या आलेखाचं) खालचं टोक कापलेलं दिसतं, आणि उगमाचा वर्णपट प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा सपाट भासतो. अर्जेंटिनातल्या ओझे वेधशाळेच्या मोजमापांना सरळ गणित जुळवलं की उगमाच्या वर्णपटाचा घातांक (ऊर्जेबरोबर कण किती झपाट्याने कमी होतात तो आकडा) १ च्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. धक्कालहरींतल्या त्वरणाच्या सिद्धांताला २ च्या जवळचा हवा असतो. ही तफावत क्षितिजामुळे असू शकते. मात्र त्यासाठी क्षेत्र बरंच जोरदार आणि उगम विरळ धरावे लागतात. मला हे स्पष्टीकरण आकर्षक वाटतं, पण गरजेपुरतं क्षेत्र वाढवून घेतल्यासारखंही.

वेंगुर्लेकरीण (वेंगुर्ले), रात्री १०:५२

भाराचा प्रश्न लोंबकळत राहिला होता, तो घेते.

अर्जेंटिनातली पिएर ओझे वेधशाळा ३,००० चौरस किलोमीटरवर पसरली आहे. दीड-दीड किलोमीटरवर पाण्याच्या सोळाशेवर टाक्या, प्रत्येकीत १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी. रत्नागिरी जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठी. एवढी का, तर १०० ईईव्हीच्या वरचा कण एका चौरस किलोमीटरवर शतकात एकाहूनही कमी पडतो. टाक्यांवरून दिशा आणि ऊर्जा चांगली कळते. भार ओळखायचा तर कणवर्षाव (एक कण हवेवर आपटून तयार होणारा कणांचा लोंढा) हवेत किती खोलवर पूर्ण भरात आला ते बघावं लागतं. लोह वर सुरू होतं, प्रोटॉन खाली. सरासरी फरक प्रति चौरस सेंटिमीटर १०० ग्रॅम हवेचा. पण एकेका प्रोटॉनचा वर्षावच ६० ग्रॅमने इकडे-तिकडे होतो. म्हणून हजार कणांचं सरासरी मिश्रण सांगता येतं, एका कणाची जात छातीठोक सांगता येत नाही. शिवाय ही खोली बघणाऱ्या दुर्बिणी फक्त अंधाऱ्या, निरभ्र रात्री चालतात, एकूण वेळेच्या सुमारे १५ टक्के. टाक्यांवर आता सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या) पाट्या आणि रेडिओ अँटेना बसवल्या आहेत त्या याचसाठी.

मिश्रणाबद्दल कळलंय ते असं: २ ईईव्हीच्या आसपास सर्वांत हलकं, तिथून ऊर्जा वाढेल तसं जड होत जातं. क्षेत्राच्या दृष्टीने ही वाईट बातमी. जास्त ऊर्जा म्हणजे सरळ वाट, अशी आशा होती. ऊर्जेबरोबर भारही वाढत असेल तर रिजिडिटी जागच्या जागी राहते.

तरी दिशा पूर्ण पुसली जात नाही. ८ ईईव्हीच्या वर ओझेला २०१७ मध्ये साडेसहा टक्क्यांचा द्विध्रुव (आकाशाच्या एका बाजूने थोडे जास्त, उलट बाजूने थोडे कमी कण) सापडला. विषुवांश १०० अंश, क्रांती दक्षिण २४ अंश. व्याधाच्या थोडं दक्षिणेला. आकाशगंगेच्या केंद्रापासून १२५ अंश लांब, म्हणून हे कण बाहेरून येतात हे पक्कं. जवळच्या दीर्घिकांच्या वाटणीचा द्विध्रुव काढला तर तो ५५ अंश बाजूला येतो, आणि आकाशगंगेच्या क्षेत्राचा हिशेब लावला की दोघे जवळ सरकतात.

एक गैरसमज इथेच खोडते. "क्षेत्रामुळे कण एका बाजूला गोळा होतात, म्हणून द्विध्रुव दिसतो", असं नाही. सगळीकडून सारखा येणारा प्रवाह चुंबकीय क्षेत्रातून गेला तरी सारखाच राहतो. लिऊव्हिलचं प्रमेय आहे. क्षेत्र असमानता सरकवतं, पसरवतं, पुसतं. नवी बनवत नाही. असमानता मुळात उगमांच्या वाटणीत असावी लागते.

गजाल (मालवण), रात्री ११:०६

ता सगळा ठीक, पण आमच्या डोक्यावरच्या त्या ठिपक्याचा काय झाला?

सड्यावरचा (रत्नागिरी), रात्री ११:४०

तेच करत होतो. २४४ ईईव्ही, अंतर ३० मेगापार्सेक, १ नॅनोगॉस, सलग-लांबी १. प्रोटॉन असेल तर दीर्घिकांमधलं वळण ०.६ अंश, लोह असेल तर १५. आकाशगंगेतलं वळण नारळीपोफळींच्या गुणाकारावरून: १०० ईईव्हीच्या प्रोटॉनला जास्तीत जास्त पावणेपाच अंश, म्हणून २४४ ला दोनच्या आत. लोहाला मात्र काही दहा अंश, आणि तिथे हे कच्चं गणित बाद. आकाशगंगेच्या क्षेत्राचं जॅन्सन-फॅरर किंवा नवं उंगर-फॅरर प्रतिमान घेऊन कण उलटा, म्हणजे पृथ्वीवरून बाहेर, सोडावा लागेल.

म्हणजे प्रोटॉन असेल तर पोकळीतूनच आला असं म्हणावं लागतं, आणि तिथे तर कोणी नाही. लोह असेल तर जास्तीचा गोंधळ घरचाच, आकाशगंगेचा. दीर्घिकांमधलं क्षेत्र १ नॅनोगॉसच्या बरंच खाली असेल तर त्याचा वाटा धरायचीही गरज नाही. वाटेत एखादा तंतू आडवा आला असेल तरच त्याला गणतीत घ्यावं लागेल.

खाडीपल्याड (देवगड), रात्री ११:५५

बरोबर. उलटा सोडताना कणाचा भार ऋण करा, ऊर्जा तीच ठेवा, आकाशगंगेच्या मध्यापासून २० किलोपार्सेक त्रिज्येच्या गोलाबाहेर पडला की थांबवा. एकच कण सोडू नका. ऊर्जेत यंत्राची चूक आणि पट्टीची चूक दोन्ही मिसळून, आणि दिशेत एक अंशाच्या आतबाहेर, असे हजारेक सोडा. लोहाला २१० आणि २७० ईईव्ही यांच्या वाटा वेगवेगळ्या निघतील.

चिरेबंदी (राजापूर), रात्री १२:०३

आणि ईईव्ही लावायला विसरू नका.